राणीला कैदेत ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुझा पीएचडीचा विषय काय, असं घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचे. आता एवढंच सांगते : सोळाव्या शतकातले राजकैदी आणि त्यांना राखणारी माणसं. त्यावर हमखास प्रश्न येतो, "म्हणजे येसूबाईंसारखं का?" प्रश्न चांगला आहे, त्याकडे मध्येच कुठेतरी वळेन. पण माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण आहे ते स्कॉटलंडच्या राणीवर, मेरी स्टुअर्टवर. आणि गेले आठ महिने मी त्या प्रकरणात अडकून पडले होते, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

मेरीची गोष्ट तुम्हाला ढोबळमानाने ठाऊक असेल. दोन चुलत बहिणीसारख्या राण्या, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. एकीने दुसरीला अठरा-एकोणीस वर्षं कैदेत ठेवलं आणि शेवटी तिचं डोकं उडवलं. सिनेमे आहेत, नाटकं आहेत, कादंबऱ्या तर विचारूच नका. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की मेरी कट्टर कॅथलिक होती आणि म्हणून तिच्यावर ही वेळ आली.

मी काम सुरू केलं तेव्हा मीही हेच गृहीत धरलं होतं. माझ्या प्रकरणात खर्चाचे आकडे होते, नोकरांच्या याद्या होत्या, किल्ल्यांची वर्णनं होती. मार्गदर्शक बाईंनी पहिला खर्डा वाचला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "धर्म कुठे आहे?" मला रागच आला. धर्म सगळीकडेच आहे की! मग शोधायला बसले, आणि बघते तर सुरुवातीच्या कागदांत तो मला वाटला होता त्या जागी नव्हताच.

आधी पार्श्वभूमी झटपट उरकते. मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ चा. सहा दिवसांची असताना बाप गेला आणि ती राणी झाली. पाच वर्षांची असताना तिला फ्रान्सला पाठवलं. तिथे युवराजाशी लग्न, थोडे दिवस फ्रान्सचीही राणी, आणि १५६० च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, विधवा. १५६१ च्या ऑगस्टमध्ये ती एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात उतरली, तेव्हा तिच्या गैरहजेरीत स्कॉटलंडच्या पार्लमेंटने देश प्रॉटेस्टंट करून टाकला होता. मिस्सा ऐकणं हा गुन्हा झाला होता.

आता इथे लक्ष द्या. ही कट्टर कॅथलिक राणी आल्यावर काय करते? आहे तो धर्म आहे तसाच राहील, असा जाहीरनामा काढते. स्वतःपुरता मिस्सा होलीरूडच्या राजवाड्यातल्या खासगी चॅपेलमध्ये करून घेते. पुढच्याच वर्षी उत्तरेतला सगळ्यात बलाढ्य कॅथलिक सरदार हंटली याच्यावर फौज नेते आणि त्याचा बीमोड करते. १५६५ मध्ये डार्नलीशी केलेलं लग्न कॅथलिक पद्धतीने होतं खरं, पण डार्नलीच्या खुनानंतर तीनच महिन्यांनी, १५ मे १५६७ रोजी, तिने बॉथवेलशी लग्न केलं ते चक्क प्रॉटेस्टंट पद्धतीने! खुनाचा संशय ज्याच्यावर त्याच्याशीच लग्न, तेही पाखंडी रीतीने. पोप पाचवा पायस याने तिच्याकडे पाठ फिरवली ती या लग्नानंतर.

थोडक्यात, तिला गादीवरून उतरवलं त्याचं कारण डार्नलीचा खून आणि बॉथवेलचं लग्न. धर्म भोवतीने होताच, तिच्याविरुद्ध उठलेल्या सरदारांमध्ये प्रॉटेस्टंट पुढारी होतेच, आणि जॉन नॉक्स चर्चमधून तिला शिक्षा द्या म्हणून ओरडत होताच. पण जून १५६७ मध्ये लॉकलेव्हनच्या बेटावरच्या किल्ल्यात तिला कोंडलं तेव्हा तिला धर्मासाठी तुरुंगवास भोगणारी राणी म्हणायला युरोपात कुणीही पुढे आलं नाही. रोमही नाही. त्या किल्ल्यात तिचा गर्भपात झाला, जुळी होती. अंगात ताकद नसताना २४ जुलैला तिच्याकडून राजत्यागाच्या कागदावर सह्या घेतल्या. पाच दिवसांनी तिच्या तेरा महिन्यांच्या मुलाला, जेम्सला, राजा केलं. त्या समारंभात प्रवचन कुणाचं? नॉक्सचं.

२ मे १५६८ ला ती तिथून निसटली. त्याआधीचा एक प्रयत्न फसला होता. धुणं नेणाऱ्या बाईच्या वेषात ती होडीत बसली, पण नावाड्याला तिचे पांढरेशुभ्र हात दिसले आणि बिंग फुटलं. सुटल्यावर अकराच दिवसांत लँगसाइडला तिच्या फौजेचा पराभव झाला. आणि १६ मे रोजी तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. फ्रान्सला जायचं सोडून मासेमारीच्या होडीतून सॉल्वेची खाडी ओलांडली आणि इंग्लंडमध्ये, एलिझाबेथच्या आश्रयाला आली. वय पंचवीस. अंगावरचे कपडे सोडले तर हाती काही नव्हतं.

इथून माझं प्रकरण सुरू होतं.

मेरीची देखरेख करायला एलिझाबेथने सर फ्रान्सिस नॉलिस याला कार्लाइलला पाठवलं. नॉलिस हा पक्का प्युरिटन. मेरी ट्यूडरच्या कॅथलिक अमदानीत परदेशी जाऊन राहिलेला. त्याने तिथून पाठवलेली पत्रं म्हणजे माझ्यासाठी खजिनाच आहे, कारण या माणसाला नेमकं काय काम दिलंय हेच त्याला कळत नव्हतं. ती पाहुणी आहे की कैदी? तिच्या खिडक्यांना गज बसवायचे, पण तिच्याशी बोलताना अदब ठेवायची. तिचे लोक गावाबाहेरच्या हिरवळीवर फुटबॉल खेळतात, दोन तास, वीसेक जण, आणि ती बघत उभी असते. हे चालू द्यायचं का? सशाच्या शिकारीला घोडा भरधाव सोडते आणि मागे धावणाऱ्यांचा जीव वरखाली होतो. पुन्हा न्यायची का? कपडे मागितले, तर एलिझाबेथकडून गाठोडं आलं त्यात विटकी-फाटकी वस्त्रं, मखमलीचे दोन तुकडे आणि जोडे. नॉलिस बिचारा शरमला. दासीने चुकून नोकरांसाठीचे कपडे बांधले असावेत, अशी सारवासारव त्याने केली.

जुलैमध्ये तिला सरहद्दीपासून आत, यॉर्कशरमधल्या बोल्टनच्या किल्ल्यात हलवलं. आणि इथे मला ते सापडलं ज्यासाठी बाईंनी समासात पेन्सिल चालवली होती.

बोल्टनमध्ये नॉलिस मेरीला इंग्रजी शिकवत होता. तिच्या तोंडात स्कॉट्स आणि फ्रेंच, इंग्रजी लिहायची सवय नाही. १ सप्टेंबर १५६८ चं तिचं नॉलिसला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. वेड्यावाकड्या स्पेलिंगमधलं, इतकं वाईट लिहिते म्हणून माफी मागणारं. नुकतंच मोडीत लिहायला शिकलेल्या माणसाने गुरुजींना पत्र लिहावं तसं. आणि इंग्रजीबरोबर नॉलिस तिला धर्मही शिकवत होता. ती इंग्लिश चर्चच्या उपासनेला बसत होती, प्रवचन ऐकत होती, नॉलिसशी वाद घालत होती, हसत होती. तिचा कल आपल्याकडे झुकतोय अशी आशा नॉलिस लंडनला कळवत होता.

हे नाटक होतं का? थोडं असणारच. एलिझाबेथची मर्जी राखायची होती. पण नाटक असलं तरी माझा मुद्दा तोच राहतो : १५६८ च्या उन्हाळ्यात मेरीला वाटत होतं की धर्माच्या बाबतीत लवचीक राहणं आपल्याला परवडेल.

मग ते बंद झालं. ती प्रवचनाला बसते ही बातमी बोल्टनच्या आसपासच्या कॅथलिक घरांत पोचली आणि तिथे कुजबुज सुरू झाली. उत्तर इंग्लंडमध्ये जुना धर्म पाळणारी घराणी भरपूर होती. हे लोक आपली आशा आहेत, हे मेरीला कळत होतं. त्याच सप्टेंबरात, किल्ल्याच्या मोठ्या दालनात लोक जमलेले असताना, मी कॅथलिक आहे असं तिने जाहीर केलं. नॉलिसने नंतर तिला टोकलं. तिचं म्हणणं असं पडलं की, धर्मही सोडायचा आणि फ्रान्स, स्पेन, आपले सगळे पाठीराखेही गमवायचे, तर एलिझाबेथकडून त्या बदल्यात काय मिळणार याची काही खात्री आहे का? खात्री नव्हती. नॉलिसकडे द्यायला काही नव्हतंच.

हा प्रसंग मी चार वेळा वाचला. ही श्रद्धा नव्हती असं मला म्हणायचं नाही, माणसाच्या मनात शिरायला मी कोण? पण ज्या क्षणी सुटकेचा सरळ रस्ता बंद होतोय हे दिसलं, त्या क्षणी धर्म हेच तिचं उरलेलं भांडवल झालं.

(नॉलिसबद्दल एकच सांगून पुढे जाते. त्याची बायको कॅथरीन केरी, एलिझाबेथची मावसबहीण, हिवाळ्यात आजारी पडली. नॉलिस रजा मागत राहिला. मिळाली नाही. जानेवारी १५६९ मध्ये ती हॅम्प्टन कोर्टला वारली तेव्हा तो बोल्टनमध्ये मेरीला राखत होता. राखणदारही बांधलेला असतो, हे माझ्या प्रबंधाचं दुसरं सूत्र आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.)

एलिझाबेथची अडचण समजून घ्या. मेरीला स्कॉटलंडच्या गादीवर परत बसवावं, तर तिथलं प्रॉटेस्टंट, इंग्लंडला धार्जिणं सरकार पडणार. फ्रान्सला जाऊ द्यावं, तर आजोळचे गीझ सरदार तिला हाताशी धरणार. इंग्लंडमध्ये मोकळी सोडावी, तर ती सातव्या हेन्रीची पणती, गादीची वारस, आणि ज्यांच्या मते एलिझाबेथच्या आईबापांचं लग्नच खरं नव्हतं त्यांच्या लेखी तर तीच खरी राणी. शिक्षा करावी, तर प्रजेने राजाला जाब विचारता येतो हे मान्य होणार, आणि ते एलिझाबेथला सगळ्यात नको होतं. यॉर्क आणि वेस्टमिन्स्टर इथे चौकशी झाली, पेटीतली कुप्रसिद्ध पत्रं दाखवली गेली, आणि जानेवारी १५६९ मध्ये निकाल असा लागला की कुणाविरुद्धच काही पुरेसं सिद्ध झालं नाही! तिचा सावत्र भाऊ मरे पाच हजार पौंडांचं कर्ज घेऊन स्कॉटलंडला राज्य करायला परत गेला. मेरी मात्र तिथेच राहिली.

म्हणजे शिक्षा झालेली नसताना कैद. मुदत नसलेली. कायद्याचं नाव नसलेली. अशा कैदेचा तपशील कुठून ठरणार? तो रोजच्या भांडणांतून ठरला, आणि मला त्यातच रस आहे.

फेब्रुवारी १५६९ पासून पुढची पंधरा वर्षं तिची जबाबदारी श्रूजबरीचा अर्ल जॉर्ज टॅलबॉट याच्याकडे होती. त्याची बायको म्हणजे हार्डविकची बेस, त्या काळातली बहुधा सगळ्यात हिशेबी बाई. श्रूजबरी गडगंज होता, त्याच्याकडे मध्य इंग्लंडमध्ये किल्ले आणि वाडे होते, आणि तो ना कट्टर कॅथलिक ना कट्टर प्युरिटन. म्हणून निवड झाली. टटबरी, विंगफील्ड, चॅट्सवर्थ आणि मुख्यतः शेफील्ड असा हा संसार फिरत राहिला. फिरण्यामागे राजकारण होतं तसं एक साधं कारणही होतं. एवढी माणसं एका वास्तूत महिनोन्‌महिने राहिली की शौचकूप भरायचे, आणि वाडा रिकामा करून साफ करावा लागायचा. टटबरीला तर तिच्या खिडक्यांखालीच ही घाण होती, आणि त्या वासाबद्दलच्या तिच्या तक्रारी वाचताना आजही नाकाला रुमाल लावावासा वाटतो.

पैशाचं म्हणाल, तर श्रूजबरीला सुरुवातीला आठवड्याला ५२ पौंड मिळायचे, ते पुढे ३० वर आणले. तीस-चाळीस नोकर, आचारी, सचिव, वैद्य, घोडे, दिवसरात्र पहारा, जळण, वाइन. पुरणार कुठून? पंधरा वर्षं तो लंडनला पैशासाठी पत्रं लिहितोय, आणि एलिझाबेथ पंधरा वर्षं हात आखडतेय. पैसे वाढवून दिले तर मेरी राणी आहे असं मानल्यासारखं होतं. अगदीच तोडले तर फ्रान्स आणि स्पेनचे वकील बोंब मारतात. म्हणून ना धड इकडे, ना धड तिकडे.

येसूबाईंचा विषय इथे घेते. १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मुघलांच्या हाती लागले. शाहू सुटले १७०७ मध्ये, येसूबाई परत आल्या १७१९ मध्ये. मेरीपेक्षाही कितीतरी लांब कैद. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. औरंगजेबाच्या दरबाराकडे शत्रूच्या वारसाचं काय करायचं याची तयार चौकट होती. शाहूंना मनसब दिली, की कागदोपत्री तो दरबाराचा माणूस झाला, त्याच्या खर्चाची सोय लागली, दर्जा ठरला. एलिझाबेथच्या इंग्लंडकडे अशी चौकटच नव्हती. दुसऱ्या देशाची गादीवरून उतरवलेली, पण स्वतः ते न मानणारी राणी कोणत्या रकान्यात घालायची? मुघल कागदपत्रं हा माझा प्रांत नाही, तेव्हा इथेच थांबते.

हा न भरलेला रकाना मेरीच्या दालनात एका वस्तूने भरून काढला होता. तिच्या खुर्चीच्या मागे आणि डोक्यावर एक चांदवा बांधलेला असायचा, राजचिन्हं भरतकामात काढलेला. युरोपात हा चांदवा फक्त राज्यकर्त्याच्या आसनावर. प्रत्येक मुक्कामी आधी तो बांधला जायचा. दालन गळकं असो, भिंतीला ओल असो, चांदवा हवा. त्याखाली बसून ती जेवायची, लोकांना भेटायची. अमुक माणूस मेरीला भेटला म्हणजे तो या चांदव्यासमोर उभा राहिला, आणि उभा राहिला म्हणजे काही न बोलता बरंच काही कबूल करून बसला.

भरतकामावरून आठवलं. बेस आणि मेरी यांनी सुरुवातीच्या वर्षांत एकत्र बसून केलेला कशिदा आजही आहे, नॉरफोकमधल्या ऑक्सबरो हॉलमध्ये. प्राणी, पक्षी, मासे, झाडं. मेरीच्या भरतकामाच्या दुसऱ्या एका तुकड्यात एक पिवळट-तांबूस मांजर आहे आणि जवळ उंदीर. एलिझाबेथचे केस तांबडे होते, तेव्हा मांजर कोण आणि उंदीर कोण हे तुम्हीच ठरवा. पण भरतकाम निरुपद्रवी नव्हतं. मेरीने नॉरफोकच्या ड्यूकला एक उशी पाठवली होती, त्यावर द्राक्षवेल छाटणारा हात. वांझ फांदी कापली की वेल फोफावतो. निपुत्रिक एलिझाबेथ, आणि मुलगा असलेली मेरी. नॉरफोकवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा ही उशीही चर्चेत आली. जून १५७२ मध्ये त्याचं डोकं उडवलं.

कारण एव्हाना बाहेरचं जग बदललं होतं. १५६९ च्या नोव्हेंबरात उत्तरेतल्या कॅथलिक सरदारांनी बंड केलं. मेरीला घाईघाईने दक्षिणेला कॉव्हेंट्रीपर्यंत नेलं. २५ फेब्रुवारी १५७० रोजी पोप पाचव्या पायसने आज्ञापत्र काढून एलिझाबेथला धर्मबाह्य ठरवलं आणि तिच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. तीन वर्षांपूर्वी मेरीकडे पाठ फिरवणारा हाच तो पोप! त्या आज्ञापत्रात मेरीचं नाव नाही. नाव लिहायची गरजच नव्हती. एलिझाबेथ राणी नाही, तर मग कोण, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसला सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली आणि इंग्लंडमध्ये मेरीचं डोकं मागणारे आवाज वाढले. शेफील्डमध्ये बसलेली, सांधेदुखीने बेजार झालेली, बक्स्टनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची परवानगी मिळावी म्हणून अर्ज करणारी ही बाई दोन धर्मांच्या लढाईतलं निशाण होऊन बसली.

ती स्वतः त्या वर्षांत काय विचार करत होती? इथे आपल्याला अगदी अलीकडे एक नशिबाचं दान मिळालंय. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सांकेतिक लिपीतले कागद होते, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली इटलीविषयक कागदपत्रं म्हणून नोंदवलेले. जॉर्ज लास्री, नॉर्बर्ट बियरमान आणि सातोशी तोमोकियो या तिघांनी ते संगणकाच्या मदतीने उलगडायला घेतले. यातला कुणीही पेशाने इतिहासकार नाही, एक संगणकतज्ज्ञ, एक पियानोवादक, एक भौतिकीतला. भाषा इटालियन असेल म्हणून प्रयत्न केला, जमेना. फ्रेंच धरून बघितलं तर शब्द दिसायला लागले. लिहिणारी स्त्री आहे हे व्याकरणावरून कळलं. कैद, माझा मुलगा, आणि मग वॉल्सिंगहॅम हे नाव. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी ५७ पत्रं प्रसिद्ध केली, १५७८ ते १५८४ या काळातली, बहुतेक फ्रेंच वकील कास्तेल्नो याला लिहिलेली. सुमारे ५०,००० शब्द. त्यातली पन्नासेक पत्रं इतिहासकारांनी कधीच पाहिलेली नव्हती.

मी ती वाचायला घेतली तेव्हा कटकारस्थानं सापडतील म्हणून सरसावून बसले होते. मिळालं काय? तक्रारी. वाटाघाटी. या माणसाला खूश ठेवा, त्या माणसापासून जपा. वॉल्सिंगहॅमवर विश्वास ठेवू नका. मुलाबरोबर मिळून स्कॉटलंडची गादी वाटून घेता येईल का? १५८२ मध्ये मुलाला सरदारांनी पळवून ताब्यात ठेवलं तेव्हाची घालमेल. धर्मयुद्धाची भाषा फारशी नाही, सौदा करू पाहणाऱ्या थकलेल्या राजकारणी बाईची भाषा आहे. पंधरा वर्षं कैदेत काढूनही ती अजून सुटकेसाठी घासाघीस करत होती. (आणि हो, वकिलातीतलाच एक माणूस वॉल्सिंगहॅमला माहिती पुरवत होता. त्यामुळे काही पत्रांच्या साध्या अक्षरातल्या नकला इंग्लंडच्या दप्तरात आधीपासून होत्या. त्याच्याच आधाराने या तिघांना आपला उलगडा बरोबर आहे हे ताडून बघता आलं. हेरांचे आमच्यासारख्यांवर फार उपकार आहेत.)

हा घासाघिशीचा रस्ता बंद झाला तो १५८४-८५ मध्ये. श्रूजबरी गेला. मधे थोडे दिवस राल्फ सॅडलर हा म्हातारा आला. त्याने आपले ससाणे मागवले आणि मेरीला शिकार बघायला बरोबर नेलं, म्हणून एलिझाबेथची बोलणी खाल्ली. मुलाने, जेम्सने, आईबरोबर गादी वाटून घ्यायला साफ नकार दिला. त्याला एलिझाबेथचा वारस व्हायचं होतं. पार्लमेंटने कायदा केला की एलिझाबेथविरुद्ध कट झाला तर ज्याच्या हक्कासाठी तो झाला त्याच्यावरही खटला चालेल. आणि १५८५ च्या वसंतात एमियस पॉलेट आला.

पॉलेटही नॉलिससारखाच प्युरिटन. पण नॉलिस तिच्याशी वाद घालायचा, कारण तिला जिंकून घेता येईल असं त्याला वाटत होतं. सतरा वर्षांनी आलेल्या पॉलेटला तसं मुळीच वाटत नव्हतं. धुणाऱ्या बायकांच्या हालचालींवर नजर, गरिबांना दान द्यायला बंदी, पत्रव्यवहार तोडलेला. एकाच पंथाचे दोन राखणदार, आणि दोन वेगळ्या कैदा. धर्मसंघर्ष असा मोघम शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात हा फरक बसत नाही.

पुढची बिअरच्या पिंपाची गोष्ट प्रसिद्ध आहे, म्हणून धावती सांगते. चार्टलीच्या वाड्यात बिअर पुरवणाऱ्याच्या पिंपातून, पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून पत्रं पाठवायची सोय गिलबर्ट गिफर्ड नावाच्या माणसाने मेरीला करून दिली. गिफर्ड वॉल्सिंगहॅमचा माणूस. बिअरवाला दोन्हीकडून पैसे घेत होता आणि वर बिअरचा भावही वाढवून मागत होता, त्यावर पॉलेट चडफडलाय. जुलै १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टन या तरुणाचं पत्र आलं. सहा जण एलिझाबेथला मारतील, इतर तुम्हाला सोडवतील. १७ जुलैला मेरीने उत्तर धाडलं. ते उलगडणाऱ्या थॉमस फेलिप्सने नकलेवर फाशीचं चित्र काढलं आणि त्या सहा जणांची नावं विचारणारा खोटा ताजा कलमही जोडला.

तिला खुनाचा बेत ठाऊक होता का? माझं मत, होता. ताजा कलम खोटा म्हणून अख्खं पत्र खोटं ठरत नाही. पण ज्या राखणदारांनी तिला सरळ मार्गाने एक ओळ लिहू दिली नाही त्यांनीच तो पिंपाचा मार्ग उघडून दिला होता, हेही तितकंच खरं.

ऑक्टोबरमध्ये फॉदरिंगेच्या किल्ल्यात खटला झाला. दालनाच्या टोकाला चांदव्याखाली एक सिंहासन मांडलं होतं, एलिझाबेथचं, रिकामं. मेरीची खुर्ची त्याच्या खाली, बाजूला. मी राणी आहे, माझी जागा तिथे हवी, असं ती आत येताच म्हणाली. शिक्षा ठरल्यावर नोव्हेंबरमध्ये पॉलेट तिच्या खोलीत आला आणि तिचा चांदवा उतरवून टाकला. आता तू कायद्याने मेलेली बाई आहेस, तुला मानसन्मान कसला, असा त्याचा युक्तिवाद. तिने काय केलं? त्या रिकाम्या जागी क्रूस लावला.

हे वाचलं त्या रात्री मी बाईंना मेसेज केला की धर्म कुठे आहे ते सापडलं. त्यांचं उत्तर आलं, "आता लिही."

राणीपणाच्या जागी क्रूस आला तो असा, शब्दशः, त्याच खिळ्यांवर. शेवटच्या रात्री दोन वाजता तिने फ्रान्सच्या राजाला, आपल्या दिराला, लिहिलेल्या पत्रात मृत्यूची दोन कारणं दिली आहेत, कॅथलिक धर्म आणि इंग्लंडच्या गादीवरचा हक्क. बॅबिंग्टनचा विषय तिने त्यात येऊ दिला नाही. त्या पत्राचा कागद तिने समासातून कापलेल्या पट्टीने शिवून बंद केला, मधे कुणी उघडलं तर कळावं म्हणून. ८ फेब्रुवारी १५८७ च्या सकाळी प्रॉटेस्टंट डीन मोठ्याने प्रार्थना करत असताना ती त्याच्या वर आवाज चढवून लॅटिनमध्ये प्रार्थना करत होती. काळा झगा उतरवला तर आत लाल वस्त्रं, हुतात्म्यांचा रंग. वीस वर्षांपूर्वी प्रॉटेस्टंट पद्धतीने लग्न करणारी, बोल्टनमध्ये नॉलिसचं प्रवचन ऐकणारी हीच बाई. पॉलेटच्या लोकांनी ओंडका आणि रक्त लागलेलं सगळं जाळून टाकलं, अवशेष म्हणून कुणी पुजू नये म्हणून.

प्रेत जवळजवळ सहा महिने शिशाच्या पेटीत किल्ल्यातच पडून होतं. मग उन्हाळ्यात एलिझाबेथने पीटरबरोच्या कॅथीड्रलमध्ये, इंग्लंडच्या खजिन्यातून खर्च करून, राजेशाही इतमामाने तिला पुरलं. राजचिन्हं होती, मानकरी होते, मिरवणूक होती. जिवंतपणी जो रकाना कुणी भरला नाही तो आता भरला. विधी मात्र प्रॉटेस्टंट. मेरीचे जुने नोकर प्रेतामागून चर्चच्या दारापर्यंत आले, आत गेले, आणि उपासना सुरू होताच दोघे-तिघे सोडून बाकी सगळे उठून बाहेर आले. ती संपेपर्यंत बाहेरच थांबले.